ओंडक्यावरचे कान

[दृश्य: पावसानंतरचा पडलेला ओंडका, अगदी जवळून.]

इंदूरहून खंडवा रोडने सिमरोल मागे टाकून चोरलकडे उतरू लागलं, की झडीनंतर जंगलातले पडलेले ओंडके जरा निरखून बघावेत. सालीतून तपकिरी, ओलसर कान बाहेर आलेले दिसतात. ही कानाच्या आकाराची अळंबी, हिला वुड इअर म्हणतात. चिनी भाषेतल्या 'मू-अर' या नावाचाही अर्थ लाकडाचा कान असाच आहे. बाजारातल्या सुक्या पाकिटावर कधी कधी 'ब्लॅक फंगस' छापलेलं असतं. 2021 मध्ये याच नावाने धास्ती घातली तो म्युकरमायकोसिस हा आजार अगदी वेगळ्या बुरशीचा, तेव्हा पाकीट बघून दचकू नये.

[दृश्य: बोटाने कड वाकवली जाते.]

कड वाकवा, सोडा, पुन्हा जागेवर येते. देठ जवळजवळ नाहीच, आणि नेहमीच्या अळंबीच्या छत्रीखाली असतात तसे पापुद्रेही नाहीत. जमिनीवर उगवणारी वाटीसारखी तपकिरी अळंबी बरीचशी अशीच दिसते, पण ती वाकत नाही, पटकन तुटते. तरीही नुसत्या व्हिडिओवर विसंबून रानातली अळंबी पातेल्यात घालू नका; जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. रस्त्याकडेच्या किंवा औषध मारलेल्या लाकडावरची तर नकोच.

[दृश्य: इंदूरच्या रामबागेतलं स्वयंपाकघर. मोठ्या पातेल्यात मूठभर काळे तुकडे.]

चौघांच्या कोशिंबिरीला 15 ग्रॅम सुकी अळंबी पुरते. पातेलं मोठं घ्या, ती कितीतरी पट फुगते. कोमट पाण्यात अर्धा तास पुरे. रात्रभर भिजत ठेवायची आपली छोले-राजम्याची सवय इथे घातक आहे. उष्ण, दमट हवेत फार वेळ भिजली, तर एका जातीच्या जिवाणूमुळे तिच्यात बोंगक्रेकिक आम्ल तयार होऊ शकतं. हे विष वासाने कळत नाही आणि उकळूनही जात नाही. भिजवलेली उरली तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

घड्यांमध्ये रेती असते. नळाखाली चोळून धुवा. लाकडाला चिकटलेली कडक गाठ कापून टाका, नाहीतर नेमकी तीच दाताखाली येते. 5 मिनिटं उकळा, गार पाण्यात घाला, निथळून बारीक पट्ट्या करा. दोन चमचे दाण्याचं कूट, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, किंचित साखर, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. कूट वाढायच्या वेळीच घाला, आधी घातलं तर लगदा होतो. शेवटी चिमूटभर जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला. इंदुरात हे सांगावं लागत नाही.

हिला स्वतःची चव जवळजवळ नाही. मजा आहे ती करकरीतपणाची. म्हणून काळ्या मसाल्याच्या रश्श्यातही शेवटच्या 8-10 मिनिटांतच टाका. रस्सा आत मुरतो आणि चावताना करकर राहते. परतायची असेल तर आधी फडक्याने कोरडी करा. घडीत अडकलेल्या पाण्याची गरम तेलात वाफ होते, तुकडा फट्कन उडतो आणि तेल हातावर येतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. ही अळंबी रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, असं 1980 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं आहे.

[दृश्य: सुपात पसरलेले कान, वर फिरणारा पंखा.]

ताजी जास्त मिळाली तर सुकवा. श्रावणात ऊन भरवशाचं नसतं, तेव्हा सुपात एकेरी थर पसरून पंख्याखाली ठेवा. तुकडा वाकला तर आत ओल आहे, डब्यात बुरशी धरेल. काचेच्या बरणीत टाकताना खड्यांसारखा खडखडाट झाला, की झाकण लावा.