क्लीव्हलंडची धरसोड

[दृश्य: रस्त्यालगतची काच. आत पुतळा, पाठ आपल्याकडे.]

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलंड शहर. इथे एका काचेमागे कित्येक वर्षं हा पुतळा उभा होता. अंगात ब्राउन्स संघाची जर्सी, क्रमांक 2, पाठीवर नाव काउच. त्या नावावर काट. खाली चिकटपट्टीवर हातानं लिहिलेलं दुसरं नाव, त्यावरही काट. मग तिसरं. पीडरसन, विन, होल्कम, गार्सिया, डिल्फर, फ्राय... पाठ संपत आली, नावं संपेनात.

ही सगळी एकाच जागेवर खेळलेली माणसं. ती जागा म्हणजे क्वार्टरबॅक.

हा फुटबॉल आपला पायानं खेळायचा नव्हे. लांबट चेंडू, डोक्यात हेल्मेट, अंगावर धडका. इथे जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी धावत येत असतात, आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्यानं ठरवायचं असतं: चेंडू फेकायचा का, कुणाकडे फेकायचा, की स्वतःच पळत सुटायचं. जिंकलं की हारतुरे त्याला. हरलं की पहिलं बोट त्याच्याकडे, दुसरं हेड कोचकडे.

म्हणून हरणाऱ्या प्रत्येक शहरात एकच वाद रंगतो. क्वार्टरबॅक बदलायचा की वरची माणसं? क्लीव्हलंडनं दोन्ही करून पाहिलं. पुन्हा पुन्हा.

[दृश्य: कृष्णधवल चित्रफीत.]

हे शहर कायमचं हरणारं नव्हतं. 1946 ते 1955 या दहा हंगामांत ऑटो ग्रॅहम हा एकच मुख्य क्वार्टरबॅक आणि पॉल ब्राउन हा एकच कोच. दहाही वर्षी संघ अंतिम सामन्यात, सात वेळा विजेता. संघाचं नावसुद्धा या कोचवरूनच पडलेलं. नवे मालक आर्ट मॉडेल यांनी त्याच पॉल ब्राउनना जानेवारी 1963 मध्ये घरी पाठवलं. 1964 मध्ये ब्राउन्सनी आणखी एक विजेतेपद मिळवलं. त्यानंतर आजवर एकही नाही.

1995 चा हंगाम संपल्यावर मॉडेलनी संघच उचलून बाल्टिमोरला नेला. नाव आणि रंग मात्र शहरानं भांडून ठेवून घेतले, आणि 1999 मध्ये त्याच नावानं नवा संघ उभा राहिला. पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गनं त्याला 43-0 असं धुतलं. पुतळ्याच्या पाठीवरची यादी तिथून सुरू होते.

त्या यादीतल्या एका नावापाशी जरा थांबू. ब्रँडन वीडन.

[दृश्य: मैदान, सप्टेंबर 2012.]

वीडन 28 वर्षांचा. आधी बेसबॉलमध्ये नशीब आजमावलेला, मग फुटबॉलकडे वळलेला. 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, क्लीव्हलंडनं त्याला 22 व्या क्रमांकावर घेतलं. हंगामाचा पहिला सामना, व्यावसायिक फुटबॉलमधला त्याचा पहिला अधिकृत सामना, तोही घरच्या मैदानावर. सामन्याआधी मैदानभर पसरेल एवढा अमेरिकेचा झेंडा उलगडला जात होता. वीडन सराव करत होता, आणि झेंडा त्याच्या अंगावरूनच गेला. नवा क्वार्टरबॅक त्या कापडाखाली अडकला, वाकून वाट शोधत कसाबसा बाहेर आला. मग सामना सुरू झाला. 35 वेळा चेंडू फेकला, 12 वेळा आपल्या माणसाला मिळाला, 4 वेळा समोरच्यांनी पळवला. क्लीव्हलंड एका गुणानं हरलं.

देशभर हसू झालं. वीडन काही थोर खेळाडू नव्हता, हेही खरं. पण त्या झेंड्याबाहेर काय चाललं होतं तेही पाहा. संघाची विक्री ठरली होती. रँडी लर्नर जाणार, जिमी हॅस्लम येणार. ज्यांच्या कारकिर्दीत वीडनची निवड झाली, ते अध्यक्ष माइक होमग्रेन, जनरल मॅनेजर टॉम हेकर्ट आणि कोच पॅट शर्मर, तिघेही वर्ष संपेपर्यंत गेले. वर्षाच्या आत पोराचं सासरच बदललं. नव्या कोचची चाल नवी, खुणा नव्या, मर्जीतली माणसंही नवी.

तो नवा कोच रॉब चडझिन्स्की एकच हंगाम टिकला. 4 विजय, 12 पराभव, नारळ. महिना-दीड महिन्यात ज्यांनी त्याला आणलं होतं त्यांनाही नारळ.

मग 2014. टेक्ससचा कॉलेजस्टार जॉनी मॅन्झिएल, निवड पुन्हा 22 व्या क्रमांकावर. 2007 मध्ये ब्रेडी क्विन हा क्वार्टरबॅकही 22 वाच होता. या शहरानं त्या आकड्याचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. एका बेघर माणसानं रस्त्यात आपल्याला सांगितलं, मॅन्झिएलला घ्या, हा किस्सा खुद्द हॅस्लमनीच पत्रकारांना ऐकवला होता. गमतीत असेल. पण कोट्यवधी डॉलरच्या संघाच्या मालकाला आठवावा असा हा सल्ला! मॅन्झिएल आठ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, आणि 2016 मध्ये संघाबाहेर गेला.

त्याच वर्षी ह्यू जॅक्सन कोच झाले. 2016 मध्ये 1 विजय, 15 पराभव. 2017 मध्ये शून्य विजय, 16 पराभव. आणि ज्या मालकानं 4 विजय मिळवणाऱ्याला वर्षात काढलं होतं, त्यानं दोन वर्षांत 31 सामने हरणाऱ्याला ठेवलं. कोच भराभर बदलणं हा यांचा दोष, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, दोष मोजमाप नसण्याचा आहे. कुणाला कधी धरायचं आणि कधी सोडायचं याची पट्टीच नाही. मराठीत याला नेमका शब्द आहे, धरसोड.

[दृश्य: स्टेडियमभोवती चालणारी गर्दी. जानेवारी 2018.]

हाडं गोठवणारी थंडी. लोक स्टेडियमला फेरी घालतायत. वरून पाहिलं तर त्या फेरीचा आकार शून्याचा. ही मिरवणूक त्या हंगामाची, जो ‘परिपूर्ण’ होता. एकही सामना न जिंकण्यात.

पिट्सबर्ग इथून मोटारीनं दोन-अडीच तासांवर. तिथे 1969 पासून 2025 पर्यंत फक्त तीन हेड कोच झाले. त्यातला पहिला, चक नोल, पहिल्या हंगामात 1 सामना जिंकला आणि 13 हरला. पुढे त्याच नोलनी 1974 मध्ये आपल्या टेरी ब्रॅडशॉ या क्वार्टरबॅकला बाकावर बसवलं, मग परत आणलं. दोघांनी मिळून चार सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकले. बाकावर बसवणं आणि हाकलणं यात फरक असतो.

क्लीव्हलंडला एकदा लय सापडली होती. 2018 च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड. तीन हंगामांत त्यानं, एक तात्पुरता धरून, चार हेड कोच पाहिले. चौथे केव्हिन स्टेफान्स्की. जानेवारी 2021 मध्ये प्लेऑफचा, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीचा, सामना होता, तोही पिट्सबर्गच्याच मैदानावर. स्टेफान्स्कींना कोरोना झालेला, ते घरी टीव्हीसमोर. आणि ब्राउन्सनी सामना 48-37 असा जिंकला.

सव्वा वर्षानं, मार्च 2022 मध्ये, याच संघानं ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन याच्यासाठी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत खेळाडू निवडण्याचे तीन वर्षांचे हक्क ह्यूस्टनला देऊन टाकले. करार पाच वर्षांचा, 23 कोटी डॉलर, सगळे हमीचे. वॉटसनवर वीसहून अधिक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले होते. त्यानं आरोप नाकारले, फौजदारी खटला झाला नाही, पण लीगनं 11 सामन्यांची बंदी घातली. मेफील्ड गेला. पुढे टॅम्पाच्या संघाला त्यानं प्लेऑफमध्ये नेलं. वॉटसन पहिल्या तीन हंगामांत मिळून 19 सामने खेळला.

मार्च 2025 मध्ये हॅस्लमनी कबूल केलं. उपमा बेसबॉलची होती, पण क्रिकेटवाल्यांनाही कळेल: जोरात बॅट फिरवली, चेंडू हुकला.

[दृश्य: पुन्हा जर्सी. कॅमेरा खाली सरकतो.]

1999 ते 2024 च्या हंगामाअखेर सुरुवातीपासून खेळलेले क्वार्टरबॅक 40. हॅस्लमच्या कबुलीच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल 2025 मध्ये, क्लीव्हलंडनं ड्राफ्टमधून नवा क्वार्टरबॅक घेतला. तिसऱ्या फेरीत डिलन गेब्रियल.

आणि पाचव्या फेरीत आणखी एक.