चुकीचा पत्ता

नमस्कार मंडळी. ॲम्स्टेलवेनमध्ये राहणाऱ्यांना नमस्कार, आणि ॲम्स्टेलवेनमध्ये राहायला येण्याच्या तयारीत असलेल्यांनाही. म्हणजे नेदरलँड्समधले मराठी लोक झाले सगळे.

आम्ही अल्मेरे शहरातल्या हावन भागात राहतो. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलापूरच्या पुढे राहणाऱ्याशी बोलताना व्हायचा तसा होतो. आणि जे एकदा जेवायला येतात ते आमची गल्ली शोधता शोधता एवढे दमतात, की पुन्हा बोलावलं तर म्हणतात, "तुम्हीच या ना." त्यांचा दोष नाही. मीही सुरुवातीला स्वतःचं घर सोडून शेजारच्या दाराला किल्ली लावत होतो.

ही जमीन १९६८ पर्यंत पाण्याखाली होती. १९७६ च्या अखेरीस अल्मेरेतली पहिली कुटुंबं राहायला आली, ती हावनमध्येच. साठच्या दशकात यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी मांडणीत उंच इमारती उभ्या करायला घेतल्या होत्या, ॲमस्टरडॅमचं बाइल्मर आठवा. त्याचा वीट आल्यावर नगररचनाकार थेट दुसऱ्या टोकाला गेले. बाहेरून एक मोठा रस्ता, त्याला फाटे, फाट्याला पोटफाटे आणि शेवटी घरांनी वेढलेलं एक अंगण. मोटार आत येते, पण तिथून पुढे कुठेच जाऊ शकत नाही. डच लोक या रचनेला फुलकोबी म्हणतात. निळ्या पाटीवर घर, माणूस आणि चेंडू खेळणारं पोर दिसलं, की गाडी चालण्याच्या वेगाने न्यायची. रस्ता आधी पोरांचा.

अशा भुलभुलैयात नावांना मात्र कडक शिस्त. एका वस्तीतल्या सगळ्या गल्ल्यांच्या शेवटी वेर्फ, दुसरीत होफ, तिसरीत मार्क, चौथीत मेंट. एका वस्तीच्या शेपटाचा उच्चार तर चक्क 'खाऊ' होतो. मित्र खाऊमध्ये राहतो, हे माझ्या आईला पटवायला बराच वेळ लागला होता. अल्मेरे स्टाडला जा, तिथे संगीताची वस्ती, चित्रपटाची वस्ती. अल्मेरे बाउटनला ऋतूंची, इंद्रधनुष्याची, कॉमिक्सच्या नायकांची. यादी आधी तयार, माणसं नंतर. आपण याला हसतो. पण वारांची यादी पुढ्यात घेऊन पुण्यात पेठा आपणही वसवल्याच की. जिलब्या मारुती आणि पासोड्या विठोबा मात्र कुठल्या समितीने ठरवले नव्हते.

तर मुलाला शाळेत 'आपली वस्ती' असा विषय होता. मी उत्साहाने सांगायला बसलो, की नुसत्या गल्लीचं काय घेऊन बसलास, आपल्या आडनावातच गाव असतं. आपलं आडनाव वेंगुर्ल्यावरून, पुढे 'कर'. त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपण तिथे राहतो?" नाही. "आजोबा?" आजोबा डोंबिवलीला. "म्हणजे आपलं आडनाव हा चुकीचा पत्ता आहे."

हे वाक्य तो शुद्ध मराठीत बोलला. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता.

मग मी हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, अरे, डच आपल्या वेंगुर्ल्यात १६३७ लाच पोचले होते. त्यांची वखार होती तिथे, पडकी का होईना, अजून उभी आहे, आणि लोक तिला अजूनही डच वखारच म्हणतात. त्याने विचारलं, "त्यांची मुलं तिथल्या मुलांशी खेळायची का?" मी म्हटलं, ते राहायला नव्हते आले, व्यापाराला आले होते. तो म्हणाला, "म्हणजे तुझ्यासारखे."

हे माझ्या डोक्यातून जात नाही. रागवू नका, पण तुमच्याही जाऊ नये. घर घेताना आपण पहिलं काय विचारतो? विकताना किती येतील. दुसरं, स्टेशन किती मिनिटांवर. तीस टक्क्यांचं रूलिंग, म्हणजे बाहेरून आलेल्या नोकरदारांची करसवलत, संपलं की काय, यावर आपण रात्र रात्र बोलतो. इथल्या घरांची बैठक रस्त्यापासून मागच्या बागेपर्यंत आरपार असते, ऊन एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने जावं म्हणून. अख्ख्या रांगेत पडदे ओढलेलं घर दिसलं आणि दारात चपलांचा ढीग असला, की आत आपण आहोत हे बेल वाजवायच्या आधी कळतं. सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी इथे शेजाऱ्यांचा दिवस असतो. अंगणात टेबलं येतात, लोक कॉफी पितात, कुंपणं रंगवतात. त्या दिवशी आपण कुठे असतो? मंडळाच्या कार्यक्रमात, हॉलच्या पार्किंगवरून भांडत.

आमच्या शेजारच्या आजी अगदी सुरुवातीला आलेल्यांपैकी. त्या सांगतात, तेव्हा पाट्या होत्या, झाडं नव्हती. चिखल एवढा, की बूट दाराबाहेर काढावे लागत. म्हणजे चपलांचा ढीग त्यांच्याकडेही होता. हे कळायला मला फार वर्षं लागली, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

आता घरातल्या भांडणाकडे येतो. घरांच्या मागे, सायकली ठेवायच्या खोल्यांच्या बोळात, आमच्या स्वयंपाकघराचा पंखा उघडतो. तिथे पोरं जमतात. त्या कोपऱ्याला त्यांनी नाव ठेवलंय, केरीहूक. करीचा कोपरा. मला हे कळलं ते शाळेच्या त्या विषयामुळेच. मुलाने वस्तीचा नकाशा काढला होता आणि वेर्फच्या खऱ्या नावांच्या बरोबरीने, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत केरीहूक लिहिलं होतं. मी भडकलो. म्हटलं, हसतात ते तुला, कळत नाही का? त्याला खरंच कळेना. "तिथे आम्ही भेटतो," एवढंच तो म्हणाला. बायको फोडणीच घालत होती. ती म्हणाली, "जिलब्या मारुतीला तरी कुणी विचारलं होतं का?"

मी म्हटलं, तिथे हलवाई आपलेच होते. ती म्हणाली, पोरंही आपल्या मुलाला आपलीच आहेत. आमचं तेव्हापासून यावर एकमत झालेलं नाही. तो नकाशा शाळेत लागला. मी बघायला गेलो तेव्हा एक डच मुलगी तिच्या वडिलांना त्यावर बोट ठेवून केरीहूक दाखवत होती, आणि ते हसले. कसं हसले, ते मला तिथे उभं राहूनही ओळखता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ओळखता आलं असतं का, हे मला खरोखर विचारायचं आहे.

तुमच्यातले बरेच जण मला सांगत असता, की ॲम्स्टेलवेनला या, मुलाला मराठी मित्र मिळतील. पटतंही. पुढच्या महिन्यात घराची किंमत ठरवायला एजंट येणार आहे. त्याला मीच बोलावलंय. मुलाला अजून सांगितलेलं नाही.