छत्रीधारी

(दृश्य : पहाटेचा रेल्वे फलाट. रुळांवर माकडं. लांबून येणाऱ्या गाडीचा भोंगा.)

बँकॉकहून उत्तरेला दीडशे किलोमीटर. स्टेशनचं नाव लोपबुरी.

थाई भाषेतलं ‘बुरी’ म्हणजे आपली पुरी. लोपबुरी म्हणजे लवपुरी, रामाच्या लवाचं गाव, असं इथली माणसं सांगतात. रामाचं गाव म्हटल्यावर वानरसेना आलीच. ती इतकी माजली, की 2024 मध्ये सरकारनं शेकडो माकडं पकडून पिंजऱ्यांत हलवली. उरली त्यांनी पहिल्याच सकाळी आमच्या कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन उघडली.

थोंगचाय जायडी या थाई गोल्फपटूवरची फिल्म माकडांनी का सुरू करायची, असं एडिटिंगला बसल्यावर विचारलं गेलं. इतकं झकास फुटेज हाताशी असताना ते कोण टाकून देईल? पण दुसरंही कारण आहे. माकडांचं लोपबुरी देवळापाशी संपतं. तिथून पूर्वेला निघालं, की छावणी लागते.

(दृश्य : तीन शिखरांचं ख्मेर काळातलं देऊळ. मग लष्करी फाटक. कवायतीचा आवाज, माणसं दिसत नाहीत.)

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थायलंडचे तेव्हाचे पंतप्रधान फील्ड मार्शल फिबून यांनी या जुन्या राजधानीचं लष्करी ठाणं केलं. पॅराशूट घेऊन विमानातून उड्या टाकणाऱ्या पलटणी इथल्याच. आणि छावणी आली, की साहेबलोकांसाठी कडेला गोल्फ कोर्स आलाच. देवळालीच्या किंवा महूच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

8 नोव्हेंबर 1969 ला या गावात थोंगचाय जायडी जन्मला. आपल्या ‘जय’चं थाईत ‘चाय’ होतं. थोंगचाय म्हणजे विजयाची पताका आणि जायडी म्हणजे मनानं चांगला. घर साधं, लष्करी कोर्सला लागून. पोरगा फुटबॉलवेडा. सोळाच्या आसपास पायात काच घुसली आणि फुटबॉल सुटला.

मग राहिलं काय? घरामागचा गोल्फ कोर्स.

(दृश्य : हातांचा क्लोजअप. कोयता, बांबू, गंजलेलं आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची गोल्फची काठी.)

गोल्फचा सेट घेण्याची ऐपत नव्हती. कुणीतरी टाकून दिलेलं आयर्नचं नुसतं डोकं त्याला मिळालं. ते त्यानं बांबूला बसवलं. हा झाला त्याचा पहिला क्लब.

ही गोष्ट थोंगचायवरच्या प्रत्येक लेखात एका ओळीत येते आणि पुढच्या ओळीत तो चषक उचलतो. आम्हाला त्या ओळीत थोडं थांबायचं होतं. म्हणून तसा क्लब करून पाहिला.

बघा. आयर्नच्या डोक्याला एक पोकळ मान असते. एरवी तिच्यात पोलादी दांडा डिंकानं पक्का बसवलेला असतो. बांबू त्या मानेत तसाच जात नाही, त्याचं टोक तासावं लागतं. जास्त तासलं तर डोकं खुळखुळतं, कमी तासलं तर मानेपाशी बांबू चिरतो. शेवटी विळ्याला मूठ बसवतात तशी पाचर ठोकायची आणि वरून दोरा आवळायचा. आमच्या कॅमेरामनच्या आजोळी कुऱ्हाडीला दांडा असाच बसवत. त्यामुळे हे काम त्याच्याकडे गेलं आणि हा शॉट मी घेतलाय. थोडा हललाय.

(दृश्य : स्लो मोशन. बांबूचा क्लब मागे जातो, पुढे येतो.)

आता मजा पाहा. हात पुढे गेलेत, क्लबचं डोकं अजून मागेच आहे. बांबू वाकतो आणि सरळ व्हायला वेळ घेतो. जोर लावला, की डोकं मनगटातल्या मनगटात फिरतं आणि चेंडू उजवीकडे झाडीत. मग एकच करायचं, घाई नाही करायची. झोपाळ्यासारखं मागे न्यायचं, डोकं येईपर्यंत थांबायचं आणि त्याच्याबरोबर यायचं. थोंगचायच्या पुढच्या आयुष्यातला कुठलाही व्हिडिओ काढून पाहा, हात कधी गडबडीत दिसत नाहीत. बांबूनंच ते शिकवलं, असं मी म्हणणार नाही. पण एकोणचाळीस चेंडू मारल्यावर मला तसा संशय येऊ लागला होता.

(दृश्य : जुना फोटो. गणवेशातले तरुण. विमानाचं मागचं दार, आकाशात उघडलेल्या छत्र्या.)

पुढे तो थायलंडच्या भूदलात गेला आणि छत्रीधारी सैनिक झाला. पोट लष्करावर, गोल्फही लष्कराच्याच गवतावर. विशीतली सगळी वर्षं तो हौशी खेळाडू म्हणून खेळला. गोल्फमध्ये विशी म्हणजे काय, ते लक्षात घ्या. टायगर वुड्स एकविसाव्या वर्षी मास्टर्स जिंकून बसला होता. थोंगचाय 1999 मध्ये व्यावसायिक झाला तेव्हा तिशीला टेकला होता.

(दृश्य : विमानतळ. फिरत्या पट्ट्यावरून येणाऱ्या लांब बॅगा. एक, दोन, सात, अकरा.)

व्यावसायिक झाला, म्हणजे टूरवर आला. ही टूर म्हणजे काय प्रकरण आहे, तेही सांगून टाकू. आशियाई टूरचा पहिला हंगाम 1995 चा. कोरिया, तैवान, थायलंड, मलेशिया, सिंगापूर, भारत : आज इथे, पुढच्या सोमवारी तिथे. तमाशाच्या फडासारखा मुक्काम हलत असतो. टूरचं कार्ड मिळवायला क्यू-स्कूल नावाची पात्रता फेरी. कार्ड मिळालं म्हणजे खेळायची परवानगी मिळाली, पगार नव्हे. तिकीट आपलं, हॉटेल आपलं, बॅग वाहणाऱ्या कॅडीचे पैसेही आपलेच.

गुरुवार-शुक्रवार सगळे खेळतात. शुक्रवारी संध्याकाळी कट लागतो. पहिले पासष्ट आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे जातात, बाकीच्यांना भोपळा. विजेत्याच्या वाट्याला एकूण बक्षिसाचे अठरा टक्के येतात. 3 लाख डॉलरची स्पर्धा असेल तर त्याचे 54 हजार. पासष्टावा जो असतो, त्याचं विमानाचं तिकीट निघालं तरी तो खूश. आणि वर्षाअखेर कमाईच्या यादीत खाली घसरलात, की कार्ड गेलं. पुन्हा क्यू-स्कूल.

विमानातून उडी मारायचं धाडस याच्यापेक्षा जास्त की कमी, ते छत्रीधाऱ्यालाच ठाऊक. थोंगचायनं 2000 मध्ये कोरिया ओपन जिंकली. 2001 मध्ये भारतात येऊन इंडियन ओपन जिंकली. त्याच वर्षी तो कमाईच्या यादीत, म्हणजे ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, पहिला आला. पुढे 2004 आणि 2009 मध्येही पहिला.

(दृश्य : ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. पहाटेचं दव. पंचविशीतली कॅडी गुडघ्यावर बसून होलच्या कडेला निरखते आहे. चेहरा कापडानं झाकलेला, फक्त डोळे.)

जरा थांबू. हा शॉट मला फिल्ममधला सगळ्यांत आवडता.

थायलंडमध्ये कॅडी बहुतेक बायका. पूर्ण बाह्या, हातमोजे, टोपीखालून मानेवर सोडलेलं कापड. ही काय बघते आहे? गवताचा कल. उष्ण देशांतल्या ग्रीनवर बर्म्युडा गवत असतं. ते सरळ उभं राहत नाही, एका बाजूला लवतं. कलाच्या दिशेनं मारलेला चेंडू पळतो, उलट मारलेला अडखळतो. आडवा मारला तर सपाट जमिनीवरही वळतो. वरून बघितलं, की लवलेली बाजू चकाकते आणि उलटी बाजू काळपट दिसते. आणि शंका आलीच तर होलची कड बघायची. एकीकडे धार सुरीनं कापल्यासारखी असते, दुसरीकडे भुरभुरलेली, करपलेली. गवत त्या भुरभुरलेल्या बाजूला झुकलेलं असतं.

ती एकच शब्द बोलते : ‘साय’. डावीकडे.

युरोपातले खेळाडू थंडीत इकडे उतरतात तेव्हा त्यांना हे गवत वाचता वाचता दोन दिवस जातात, आणि दोन दिवसांनी तर कट असतो! इथल्यांना ते हाताच्या रेषांसारखं पाठ. फक्त युरोपवाल्यांशी गाठ पडायला हवी.

ती गाठ घालून देणारी एक व्यवस्था होती. सामाईक स्पर्धा. मलेशियन ओपन घ्या. ती एकाच वेळी आशियाई टूरचीही असायची आणि युरोपियन टूरचीही. मैदान आशियाचं, खेळाडू दोन्हीकडचे. आणि कुणीही जिंको, त्याला युरोपियन टूरचं दार उघडायचं. क्यू-स्कूल नको, कुणाची शिफारस नको. चार दिवस, बहात्तर होल.

(दृश्य : एकच फोटो. क्वालालंपूरजवळचा सौजाना कोर्स. हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा.)

2004 मध्ये याच दारातून थोंगचाय आत गेला. युरोपियन टूरवर जिंकणारा पहिला थाई. त्या दिवसाचं चलतचित्र आमच्याकडे नाही. हक्कांचा दर ऐकून आम्ही नमस्कार केला. 2005 मध्ये तीच स्पर्धा त्यानं पुन्हा जिंकली, तेव्हा दुसरा आला होता आपला ज्योती रंधावा.

युरोपियन टूरवरचे आठ विजय. पहिले चार आशियातलेच : मलेशिया दोनदा, इंडोनेशिया, कोरिया. हा घरचाच वाघ, अशी कुजबुज झालीच असेल. मग वय वर्षं बेचाळीस, 2012, वेल्स ओपन. पाऊस, वारा, आणि पायाखाली अगदी वेगळं गवत. जिंकला. 2014 स्वीडन, 2015 जर्मनी. 2016 मध्ये पॅरिसजवळ फ्रेंच ओपन, तीही चार फटक्यांनी. तिसऱ्या जागी रोरी मॅकलरॉय होता. थोंगचाय सेहेचाळीस वर्षांचा.

(दृश्य : मार्च 2014, क्वालालंपूर. आशियाच्या संघाचा फोटो, दहा जण.)

हा फोटो मात्र नीट बघा. आशिया विरुद्ध युरोप, युरेशिया कप. कर्णधार थोंगचाय. पहिल्याच दिवशी युरोपनं पाच-शून्य अशी धूळ चारली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फलकावर 10-10.

या दहांमधला बांगलादेशचा सिद्दीकूर रहमान. ढाक्याच्या छावणीतल्या कुर्मिटोला कोर्सवर तो लहानपणी चेंडू गोळा करायचा. आणि हा अनिर्बन लाहिरी. जन्म पुण्याचा, वडील लष्करी डॉक्टर, आठव्या वर्षी गोल्फ त्यांनीच शिकवलं. 2015 मध्ये त्यानंही मलेशियन ओपन जिंकली, सामाईक स्पर्धेच्या त्याच दारातून. एका संघात तीन देशांचे तिघे, आणि तिघांच्या मागे कुठली ना कुठली छावणी. कुणी साहेबाचा मुलगा, कुणी कुंपणापलीकडचा.

लष्कराला इतकी हिरवळ कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. तो आपल्याकडे कॅगनं विचारलाय आणि थायलंडमध्ये 2020 मध्ये लष्कराच्या गोल्फ कोर्सच्या आणि हॉटेलांच्या पैशावरून रण पेटलं होतं. असो. कुंपणाला भोक असलं, तर एखादा आत येतो, एवढंच आम्हाला दिसलं.

(दृश्य : हुआ हिन. नव्या स्पर्धेचे फलक, ड्रोनमधून.)

2021 मध्ये सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फनं आशियाई टूरमध्ये दहा वर्षांसाठी 20 कोटी डॉलर घालायचं जाहीर केलं आणि काही महिन्यांत आकडा 30 कोटींवर नेला. बक्षिसं फुगली, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. युरोपवाल्यांशी मात्र फाटलं आणि सामाईक स्पर्धा गेल्या. इंडियन ओपनसुद्धा आता आशियाई टूरची नाही.

(दृश्य : पेबल बीच, कॅलिफोर्निया. समुद्र. पांढऱ्या टोपीतला थोंगचाय आणि शेजारी बॅग सांभाळत चालणारं शाळकरी मूल.)

पन्नाशीनंतर तो अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या टूरवर गेला. 2022 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला जिंकला, त्या टूरवरचा पहिला थाई विजेता. 2023 मध्ये इथे, पेबल बीचला. या स्पर्धेत प्रत्येक ज्येष्ठ खेळाडूबरोबर एक शाळकरी मूल खेळतं. दोघं काय बोलले, ते रेकॉर्ड झालेलं नाही. भरपूर हातवारे चाललेत.

(दृश्य : पुन्हा लोपबुरी. संध्याकाळ, तारेचं कुंपण, बांबूचा क्लब.)

आमचा क्लब चाळिसाव्या चेंडूला मानेपाशी चिरला. त्याचा आवाज ऐका. चिरफळी वेगळी झाली, डोकं गवतात पडलं आणि चेंडू सरळ गेला. किती लांब, ते कॅमेरामननं पावलांनी मोजलं. तो मोजत लांब जाताना दिसतोय.

(पुढचे वीस सेकंद निवेदन नाही. फक्त पावलांचा आवाज.)