यायाचा चाळिसावा आणि लेकीचा प्रश्न

मंडळी, नमस्कार.

आज संक्रांतीचा मेळावा आहे आणि मी बोलणार आहे ते गेलेल्या माणसाबद्दल. सणाच्या दिवशी हा विषय कशाला, असं कुणाला वाटलं तर मला क्षमा करा. गेला आठवडाभर मला दुसरं काही सुचतच नाहीये.

आमच्या शेजारची याया गेली. याया म्हणजे ग्रीक आजी; मेलबर्नच्या ओकलीत, ग्रीकांच्या या वस्तीत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. मागच्या रविवारी चर्चमध्ये तिचा चाळिसावा, म्हणजे मृत्यूनंतर चाळीस दिवसांनी होणारी प्रार्थना, होती. मी दहा वर्षांच्या लेकीला घेऊन गेले होते. प्रार्थना झाली, ‘तिची आठवण चिरंतन राहो’ असं तीनदा म्हटलं गेलं, आणि मग हॉलमध्ये कॉफीबरोबर सगळ्यांना कोलिवा वाटला. उकडलेले गहू, त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम, बेदाणे, वर पिठीसाखर. घास घेताना मला आपली गव्हाची खीर आठवली. तिथे तिची सातही नातवंडं एकेक करून उभी राहिली आणि प्रत्येकाने आजीची एक आठवण सांगितली.

परतताना गाडीत लेक म्हणाली, आणि इंग्रजीतच म्हणाली, ‘आई, माझी आजी गेली तर मी उभं राहून काय सांगू? ती रोज विचारते, जेवलीस का. मी म्हणते, हो. एवढंच आहे माझ्याकडे.’

मी गाडी बाजूला घेतली. पुढे चालवताच येईना.

त्या नातवंडांनी काय सांगितलं ते ऐका. एक म्हणाला, निरोप घेताना ती माझ्या मुठीत पन्नासची नोट कोंबायची आणि आईला सांगू नको म्हणायची. एकीने सांगितलं, नवा फ्रॉक घातला की ती आधी तीनदा ‘फ्तू फ्तू फ्तू’ करायची, दृष्ट लागू नये म्हणून. थोरली म्हणाली, जमिनीवर पडलेला पावाचा तुकडा ती उचलून त्याचा मुका घ्यायची. हे सांगताना तिचा आवाज कापरा झाला, कारण त्यामागची गोष्ट तिला ठाऊक होती. १९४१-४२च्या हिवाळ्यात, जर्मन-इटालियन ताब्यातल्या ग्रीसमध्ये दुष्काळाने माणसं मेली. याया जन्मली ती त्याच वर्षी, कालामाताजवळच्या एका खेड्यात. तिची आई रानातला पाला उकडून खाऊन जगली होती.

तो पाला याया शेवटपर्यंत खात होती. उन्हाळ्यात तिच्या मागच्या अंगणात व्लीता उगवायचा. पहिल्यांदा तिने तो कुंपणावरून दिला तेव्हा मी ओरडलेच, अहो, हा तर माठ! ती उकडून, वर लिंबू पिळून, ऑलिव्ह तेल घालून खायची; मी लसणाची फोडणी दिली. घोळही तिच्याकडे असायची. मेलबर्नमध्ये मी पंधरा वर्षं महागडे पॅक केलेले सॅलड आणत होते आणि माझ्या आईची घोळ कुंपणापलीकडे होती.

आम्ही नवीन होतो तेव्हा तुळस कुठे मिळेना म्हणून मी हिरमुसले होते. तिने दारातला वासिलिको, म्हणजे आपला सब्जा, उपटून मला दिला. त्यांच्याकडे पाद्री त्याच्याच डहाळीने तीर्थ शिंपडतो. तिची रोपं ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यांत होती. डालडाच्या डब्यातली तुळस पाहिलेल्यांना मी आणखी काय सांगू?

१९६४ साली बाविसाव्या वर्षी ती पिरेयस बंदरातून ‘पात्रिस’ जहाजावर चढली, ज्याचा फक्त फोटो पाहिला होता त्याच्याशी लग्न करायला. पात्रिस म्हणजे मातृभूमी. इथे आल्यावर कपड्यांच्या कारखान्यात, मग घरीच मशीन घालून, नगावर पैसे घेऊन शिवण. इंग्रजी तिला शेवटपर्यंत जेमतेमच आलं. पण तिचं काय चुकलं ते नातवंडांना माहीत होतं, ती कशाला घाबरायची ते माहीत होतं, आणि वीस वर्षांनी गावी गेल्यावर लोक तिच्या बोलण्याला हसले तेही माहीत होतं. तिने मोटारीला ‘कारो’ म्हटलं होतं. तो शब्द ऑस्ट्रेलियातल्या ग्रीकांचा. गावात कारो म्हणजे छकडा.

मला ग्रीकांना आदर्श म्हणायचं नाही. थोरली नात मला हळूच म्हणाली, माझ्या मुलांना ग्रीक येत नाही, मी शनिवारच्या शाळेचा कंटाळा केला होता. त्यांच्याकडेही गळती आहेच. पण आजी माहीत होती.

आपल्याकडे काय होतं? आई-सासूबाई बाळंतपणाला येतात, सहा महिने खोलीत थंडीने गारठतात, डबे भरून देतात, आणि आपण त्यांना मेळाव्यात पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ देतो. मग त्या परत जातात. नंतर रविवारी फोन मुलाच्या हातात देऊन आपण सांगतो, आजीला नमस्कार कर. मूल नमस्कार करतं आणि फोन परत देतं. आपणच दोघांच्या मधे उभे राहिलो आहोत, मंडळी. मीही. त्या रात्री याच्यावरून घरी भांडण झालं. नवरा म्हणाला, पोरीला चाळिसाव्याला नेलंसच कशाला. मी म्हटलं, तिने विचारलं ते आपण इतकी वर्षं का विचारलं नाही. दोघंही उशिरापर्यंत जागे होतो.

परवा लेकीने स्वतःहून पुण्याला फोन लावला. माझी आई एकोणऐंशी वर्षांची आहे. लेकीने मोडक्या मराठीत विचारलं, ‘आजी, तू लहान होती तेव्हा काय खायची?’ आई आधी गप्प झाली. मला वाटलं, फोन कट झाला. मग ती बोलायला लागली ती चाळीस मिनिटं. बार्शीकडचं माहेर, हुरडा, शेंगा, आगटीभोवतीची पोरं, घोळ खुडताना पाय भाजायचे ते. लेकीने वही उघडली होती. दर दोन वाक्यांनी ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायची. हुरडा मला सांगता आला. आगटीचा वास नाही सांगता आला.

शेवटी आईने तिच्या आजीची एक ओवी म्हटली, मधेच अडखळली, काहीतरी गमतीचं आठवलं आणि खळखळून हसली. मीही हसले. लेक एकदा स्क्रीनकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती, पेन हातात तसंच धरून.