सुटकेच्या सहा महिने आधी

(दृश्य : कारागृहाचं फाटक, सकाळ. बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात कापडी पिशवी.)

खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या माणसाला सरकारने माफी द्यायची ठरवली, तरी कायद्याने किमान १४ वर्षं आत काढावीच लागतात. २००९ साली आत गेलेल्या बंद्याचाच हिशेब मांडू. देशातलं पहिलं आधार कार्ड नंदुरबारच्या टेंभली गावात दिलं गेलं, २०१० साली. त्याच्याकडे ते असणार कुठून? त्याच्या ओळखीच्या पाचशेच्या नोटा २०१६ मध्ये बाद झाल्या.

(दृश्य : बराकीतल्या टेबलावर कागद.)

म्हणून त्याची कागदपत्रं उभी करायचं काम सुटकेच्या सहा महिने आधी, बराकीतच हाती घ्यायचं. आधी शाळा सोडल्याचा दाखला मागवा. कोर्टाच्या शिक्षेच्या वॉरंटवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं, असं नेहमी निघतं. तशीच नोंदणी केली की पुढे पॅन, बँक, रेशन कार्ड सगळीकडे अडतं. आत असेपर्यंत कारागृहाचा सही-शिक्क्याचा प्रवेश-दस्त, म्हणजे बंदी आत दाखल झाल्याच्या नोंदीचा कागद, आधार नोंदणीला चालतो. ही सोय हातची घालवू नका.

मग सिम कार्ड, मग आधारला तो नंबर जोडणं, मग बँक. क्रम असाच ठेवा. घाईत कार्यकर्ता किंवा मेव्हणा आपला नंबर देऊन टाकतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि सुटलेला माणूस स्वतःच्याच पैशांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. जुनं खातं असेल तर विचारा. १० वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण ओळख पटवून आपल्या शाखेत अर्ज केला की परत मिळते.

शिक्षेबरोबरचा दंडही आत्ताच तपासा. तो भरला नसेल तर मुक्काम वाढतो. गरीब बंद्यांच्या दंडासाठी केंद्राच्या योजनेतून २५ हजारांपर्यंत मदत मिळते.

क्षयाचे उपचार चालू असतील, तर निक्षय क्रमांक (क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि औषधांचा कागद सोबत हवाच. कोर्स सहसा सहा महिन्यांचा. तो मधेच तुटला की आजार औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

(दृश्य : घरातली खोली, रात्र. दिवा चालू.)

घरच्यांशीही आधी बोलावं लागतं. बराकीत रात्रभर दिवा जळतो, त्यामुळे अंधारात त्याला झोप लागत नाही. बंद दारासमोर तो उभाच राहतो, कारण इतकी वर्षं दार दुसऱ्यानेच उघडलंय. जेवण, अंघोळ, झोप, सगळं घंटेवर चाललेलं असतं. घरच्यांना हे माहीत नसलं की "काहीच करत नाही" म्हणून चिडचिड सुरू होते. त्याच्या या वागण्याला चूक म्हणू नका. रोज एक छोटं काम एकट्याने करू द्या : दूध आणणं, एसटीचं तिकीट काढणं.

रोजगाराला चारित्र्य पडताळणी आडवी येते. रिक्षाच्या बॅजवर भिस्त ठेवू नये. आत सुतारकाम केलं असेल, तर किती वर्षं, कोणत्या यंत्रावर, हे लिहिलेला दाखला घ्या. आणि रोख रकमेऐवजी रंधा, पटाशी, करवत, ड्रिल मशिन द्या. रोख पहिल्या महिन्यात जुन्या उधाऱ्यांत जाते.

(दृश्य : भिंतीवरची दिनदर्शिका.)

शेवटचा कागद मुदतपूर्व सुटकेच्या आदेशाचा. त्यातल्या अटी मोठ्याने वाचून दाखवा. अट मोडली तर माफी रद्द होऊन पुन्हा आत जावं लागू शकतं. पोलीस ठाण्यात हजेरी लावायची असेल, तर त्या तारखा दिनदर्शिकेवर त्याच्याच हाताने लिहून घ्या.