कॉम्प्रेसर घुं करतो आणि थांबतो

श्रोतेहो, नमस्कार.

हायवेवरचं टायरचं दुकान घ्या, फर्निचरचं काम चाललेला फ्लॅट घ्या, नाहीतर एमआयडीसीतली एखादी लहान शेड घ्या. सकाळी हवेचा कॉम्प्रेसर चालू झाला नाही की तिन्हीकडे निकाल एकच लागतो, "मोटर जळली." मग मोटर उतरवायची, रिक्षात टाकायची आणि रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायची. तो उघडून बघतो तर बऱ्याच वेळा वाइंडिंग, म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी, धडधाकट असतं. आरोपी भलताच असतो आणि अटक मोटरीला होते. मोटर उतरवण्याआधी घरच्या घरी काय बघता येतं, त्याबद्दल आज बोलू.

पहिलं काम कानाचं. स्विच दाबल्यावर काही म्हणजे काहीच आवाज येत नाही, की मोटर नुसती घुं करते, की त्याच क्षणी एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, पडते? हे तीन निरनिराळे आजार आहेत.

काहीच आवाज नसेल तर आधी टाकीवरचा काटा बघा. हसू नका, पण टाकी भरलेली असताना "चालू होत नाही" म्हणून फोन येतात. लहान कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच साधारण 8 किलोला मोटर बंद करतो आणि दाब 6 किलोच्या आसपास उतरला की पुन्हा चालू करतो. आकडे यंत्रागणिक थोडे बदलतात. टायरवाले पाउंडात बोलतात, म्हणजे चौरस इंचाला इतके पाउंड, आणि कारखान्यात किलोत, म्हणजे चौरस सेंटिमीटरला इतके किलो. दाबाच्या या हिशोबात 14 पाउंड म्हणजे साधारण 1 किलो धरा. तर काटा 7 वर असेल आणि मोटर गप्प असेल, तर स्विच त्याचं काम चोख करतोय. थोडी हवा सोडा, आपोआप चालू होईल.

काटा शून्यावर आहे आणि तरीही शांतता आहे, तर वीज पोचते का ते बघायचं. इथे मला त्या खिशातल्या टेस्टरबद्दल एक तक्रार करायची आहे. टेस्टर पेटला म्हणजे सप्लाय आहे, असं आपण धरून चालतो. न्यूट्रल तुटलेली असली तरी फेजला टेस्टर पेटतोच, मोटर मात्र ढिम्म. थ्री फेजला तर तो आणखी फसवतो. स्विच चालू असताना एक फेज गेलेली असली, तरी मोटरीच्या वाइंडिंगमधून फिरून आलेल्या विजेवर तिसऱ्या तारेलाही टेस्टर पेटू शकतो. म्हणून मीटर लावून मोजा. सिंगल फेजला 230 व्होल्टच्या आसपास आणि थ्री फेजला दोन-दोन तारांमध्ये 415 च्या आसपास मिळायला हवेत. मीटर वापरायची सवय नसेल तर हे काम वायरमनलाच करू द्या.

जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा स्टार्टरचा ओव्हरलोड रिले पडला असेल, किंवा मोटरीवरचं लाल बटण बाहेर आलं असेल, तर मोटर थंड होऊ द्या आणि मग बटण दाबा. ते पुन्हा पडलं तर कारण शोधा. दाबत बसू नका.

आता प्रेशर स्विचचं झाकण. मेन स्विच बंद करून, प्लग काढून मगच उघडायचं. आत दोन-तीन जोड्या कॉन्टॅक्ट असतात, म्हणजे एकमेकांना टेकून वीज जोडणारे धातूचे ठिपके. नवे असताना ते चांदीसारखे चकाकतात. जुने झाले की काळे पडतात आणि मधोमध खड्डा पडतो. कधी त्यांच्यामध्ये चिरडलेल्या मुंग्यांचा थर असतो, पावसाळ्यात एखादी वाळलेली पालही निघते. मुंग्या विजेच्या डब्यात का शिरतात कोण जाणे, पण शिरतात खऱ्या. बारीक पॉलिश पेपरने अलगद साफ केलं की स्विच काही दिवस चालतो. खड्डे खोल असतील तर स्विचच बदला, मोटरीच्या मानाने तो स्वस्त असतो. स्प्रिंगचा नट आवळून दाब वाढवायचा मोह मात्र कुणी करू नये. टाकी किती दाबाला बनवली आहे ते तिच्या प्लेटवर लिहिलेलं असतं, आणि आतून गंजलेल्या टाकीला तेवढाही दाब पेलेल याची खात्री नसते.

आता दुसरा आवाज, घुं. खरी गंमत इथे आहे आणि खरं नुकसानही इथेच होतं. मोटर घुं करते पण फिरत नाही, तेव्हा ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचत असते. अर्ध्या मिनिटात वाइंडिंगचा वार्निश तापून वास सुटतो. म्हणजे तोपर्यंत न जळलेली मोटर आपण आता जाळतो! म्हणून दोन-तीन सेकंदांत फिरली नाही तर बंद करा. काही जण पुलीला हाताने हिसका देऊन ती चालू करतात. ही मर्दुमकी बोटावर बेतते. पट्ट्यात गेलेलं बोट परत मिळत नाही.

बंद केल्यावर सप्लाय तोडा, टाकीखालचा ड्रेन कॉक उघडा आणि काटा शून्यावर येऊ द्या. कॉक उघडाच ठेवून पुन्हा चालू करा. मोटर झटक्यात फिरली? मग ती जळलेली नाही. तिला अडवणारी गोष्ट हवेच्या बाजूला आहे, किंवा तिचा सुरुवातीचा जोर कमी पडतोय.

हवेची बाजू जरा सविस्तर सांगतो. हेडमधून, म्हणजे पंपाच्या पिस्टनवरच्या झाकणातून, निघालेली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची नळी टाकीला जिथे मिळते, तिथे पितळेचा एक षटकोनी तुकडा असतो. तो नॉन रिटर्न व्हॉल्व. टाकीत गेलेली हवा मागे येऊ नये, एवढंच त्याचं काम. त्याच्यापासून पेन्सिलीएवढी बारीक नळी प्रेशर स्विचकडे जाते, तिच्या टोकाला अनलोडर असतो. मोटर बंद होताक्षणी हा अनलोडर हेडमधली अडकलेली हवा सोडतो. तुमच्या कॉम्प्रेसरचं थांबताना होणारं ते "फुस्स" म्हणजे हाच. ते एक-दोन सेकंद होऊन थांबलं पाहिजे.

फुस्स झालंच नाही, तर अनलोडर चिकटलाय आणि हवा हेडमध्ये कोंडलेली आहे. पुढच्या वेळी मोटर त्या कोंडलेल्या हवेवर चालू होते. 70 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं तोंड साधारण 38 चौरस सेंटिमीटर भरतं. 8 किलोच्या दाबाने त्यावर 300 किलोंचा भार येतो. थांबलेल्या मोटरीने तो पहिल्याच फेरीत उचलावा, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

आणि फुस्स थांबतच नसेल, मोटर बंद असताना अनलोडरमधून बारीक सुसू चालूच राहत असेल, तर अनलोडर निर्दोष आहे, गळतोय तो नॉन रिटर्न व्हॉल्व. टाकीतली हवा त्याच्यातून उलटी येतेय. टाकी पूर्ण रिकामी करून व्हॉल्व खोला. आत एक चकती आणि स्प्रिंग असते. चकतीवर जळलेल्या तेलाची काळी खपली किंवा टाकीतल्या गंजाचा कण अडकलेला दिसेल. डिझेलमध्ये धुवा, पुसा, चकती चिरलेली नाही ना ते बघा, आटे टेफ्लॉन टेप लावून बसवा. जेवायच्या सुट्टीत उरकणारं काम आहे, पण याच्यापायी किती मोटरी विनाकारण रिवाइंड झाल्या असतील!

टाकी रिकामी असूनही घुं होत असेल, तर सप्लाय बंद करून पट्टा काढा. पंपाची पुली हाताने फिरवा. ती फिरतच नसेल तर पंप जाम आहे. तेल संपून पिस्टन धरला असावा. ती फिरली तर पट्ट्याविना मोटर एकटी चालवून बघा. एकटीही फिरत नसेल, तर सिंगल फेज मोटरीत संशय आधी कपॅसिटरवर, म्हणजे मोटरीला सुरुवातीचा जोर देणाऱ्या डबीवर. तो फुगलेला किंवा खालून ओघळलेला असला तर डोळ्यांनाच कळतं. हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांना बल्ब जोडून तो रिकामा करा, कारण सप्लाय काढला तरी तो झटका देऊ शकतो. नवा घेताना त्याच्यावरचा एमएफडीचा, म्हणजे क्षमतेचा, आकडा तोच हवा आणि व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त.

थ्री फेज मोटर घुं करत असेल तर एक फेज गेली, असंच समजून चाला. शेतीपंपवाल्या श्रोत्यांना हे सांगायला नको.

आणि व्होल्टेज! मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 चे 180 झाले, तर जोर शंभरावरून एकसष्टावर येतो. रब्बीत सगळ्यांचे पंप चालू असताना कॉम्प्रेसर रडतो तो यामुळे. फ्लॅटमधले सुतार तर स्वतःच्या हाताने व्होल्टेज पाडतात. खालच्या मजल्यावरून बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेन्शन ओढायचं आणि कॉम्प्रेसर शेजारी ठेवायचा. त्यापेक्षा कॉम्प्रेसर बोर्डाजवळ ठेवा आणि हवेचा पाइप लांब घ्या.

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा खाली जातो, तेव्हा पहाटे तेल घट्ट होऊन पंप जड फिरतो. ड्रेन कॉक उघडा ठेवून पाच मिनिटं चालवा, मग टाकी भरायला घ्या. तेल कंपनीने सांगितलेलंच घाला, गाडीचं उरलेलं नको.

तिसरा प्रकार, स्विच दाबताच एमसीबी पडणं. मोटर किंवा वायर शॉर्ट आहे का, बॉडीला करंट उतरतोय का, हे वायरमनकडून तपासून घ्या. सगळं ठीक निघालं तर एमसीबीवरचं अक्षर बघा. घरातल्या दिव्यांसाठी बसवलेली बी प्रकारची एमसीबी मोटरीचा सुरुवातीचा करंट सहन करत नाही. तिथे सी प्रकारची लागते, पण वायरला झेपेल तेवढ्याच अँपिअरची. पडते म्हणून मोठी बसवली तर पुढची वेळ वायर पेटण्याची.

एवढं करूनही यंत्र हललं नाही, तर मेकॅनिकला बोलवा. फोनवर "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. आवाज कुठला आला, टाकी रिकामी केल्यावर फरक पडला का, थांबताना फुस्स होत होतं का, मीटरवर किती व्होल्ट दिसले, हे सांगा. तो येताना व्हॉल्व आणायचा की कपॅसिटर, हे ठरवूनच निघेल आणि तुमची एक फेरी वाचेल.

नमस्कार.