परीक्षा फेब्रुवारीत, काळजी जूनपासून

(नागपुरात पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

उपस्थित पालक, शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांनो,

विद्यार्थ्यांच्या ताणतणावावर बोलण्यासाठी आम्हा समुपदेशकांना शाळांचे बोलावणे येते, ते बहुधा जानेवारीत. तोवर सराव परीक्षा सुरू झालेल्या असतात, मुलांची झोप उडालेली असते आणि घरातल्या प्रत्येक संभाषणात टक्केवारी शिरलेली असते. त्या वेळी शिकवलेल्या श्वसनाच्या व्यायामाचा थोडाफार उपयोग होतो, पण सात महिन्यांत साचलेला थकवा तासाभराच्या मार्गदर्शनाने उतरत नाही. म्हणूनच शाळेचा पहिला आठवडा सुरू असताना तुम्ही मला बोलावलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. माझे सांगणे थोडक्यात असे, की झोप, खेळ आणि निवांत जेवण यांच्या वेळा अभ्यासाच्या आधी वेळापत्रकात लिहिल्या जाव्यात आणि त्या मोडू न देण्याची जबाबदारी आपण मोठ्यांनी घ्यावी.

विदर्भातल्या मुलांच्या वर्षाला एक वेगळी अडचण आहे. इथल्या उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. मंडळाची परीक्षा मात्र सगळीकडे एकाच दिवशी सुरू होते. त्यातच २०२५ मध्ये ती नेहमीपेक्षा अलीकडे आली. बारावीची ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. पोळा, गणपती, नवरात्र आणि दिवाळी वजा केल्यावर शिकवायला हाती किती दिवस उरतात, हे इथल्या शिक्षकांना मी सांगायला नको. मग अभ्यासक्रम संपवण्याची घाई दिवाळीनंतर सुरू होते आणि नागपूरची हवा वर्षात सर्वांत सुखद असते नेमक्या त्याच महिन्यांत मैदाने ओस पडतात. नोव्हेंबरपासून दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची पद्धत कित्येक शाळांत आहे, आणि ती बंद व्हावी असे मला आग्रहाने वाटते.

थोडा ताण असावाच, हे मला मान्य आहे. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच दाखवून दिले होते, की उत्तेजना एका मर्यादेपर्यंत वाढली तर कामगिरी सुधारते आणि त्यापुढे ती घसरू लागते. काम जितके अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येणे त्या मर्यादेच्या आतले आहे. पण महिनोन्महिने न उतरणारा ताण झोप, भूक आणि एकाग्रता तिन्ही पोखरतो, आणि मग मूल येऊन म्हणते, ‘‘मॅडम, वाचून तर राहिली, पण डोक्यात काहीच नाही राहून राहिलं.’’

हे वाक्य मला एका दहावीच्या मुलीने ऐकवले, तेव्हा मी तिला दिवसाचे वेळापत्रक दाखवायला सांगितले. ते तिने वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने रेघा मारून, हिरव्या आणि लाल शाईत नीट आखलेले होते. पाचला उठणे, साडेपाच ते साडेसहा पाठांतर, सात ते साडेबारा शाळा, दोन ते साडेतीन गृहपाठ, चार ते साडेसात शिकवणी, आठ ते साडेअकरा स्वाध्याय. जेवण समासात पेन्सिलीने लिहिलेले होते, तेही फक्त दुपारचे. झोपेला रकाना नव्हता. रात्री साडेअकरा ते पहाटे पाच हे साडेपाच तास तिने कुठेच मांडले नव्हते, कारण ती वेळ तिच्या हिशेबात कशासाठीच नव्हती.

तेरा ते अठरा या वयात दररोज आठ ते दहा तास झोप लागते. म्हणजे या मुलीला रोज किमान अडीच तास कमी पडत होते. आठवड्याचे झाले साडेसतरा तास, जवळजवळ दोन पूर्ण रात्री. दिवसा वाचलेले पक्के होऊन स्मरणात बसण्याचे काम मोठ्या प्रमाणात झोपेत चालते, आणि स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. पहाटे पाचचा गजर तिच्यावरच घाला घालतो. शिवाय वयात येताना झोप आणणाऱ्या मेलाटोनिनची पातळीच उशिरा वाढू लागते, त्यामुळे रात्री दहाला डोळ्यांवर झोप नसलेला मुलगा आळशी किंवा बेशिस्त असतोच असे नाही. ब्राह्ममुहूर्तावर केलेला अभ्यास लक्षात राहतो, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पण ते सांगणारी घरे रात्री नऊला निजत होती, आणि उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडली की दिवा मालवला जात होता, हे आपण विसरतो.

त्या मुलीच्या आईशी बोलून आम्ही पहाटेचे पाठांतर काढून टाकले, उठण्याची वेळ सहा केली, रात्रीचा अभ्यास दहाला थांबवला आणि शाळेतून आल्यावर जेवून वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी ठरवली. आईचा पहिला प्रश्न रास्त होता, ‘‘मग अभ्यास व्हायचा कधी?’’ याचे उत्तर अभ्यासाच्या पद्धतीत आहे. धडा चौथ्यांदा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढणे आणि मग चुकलेले तेवढेच पाहणे, तसेच एकाच दिवशी तीन तास बसण्याऐवजी तोच भाग दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा काढणे, याने कमी वेळात जास्त लक्षात राहते. विसरण्याचा वेग आणि अंतराने केलेली उजळणी यांवर जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच लिहिले. आपल्या घरांत अजूनही किती तास बसला यावरूनच अभ्यास मोजला जातो.

नीटला बसणाऱ्यांसाठी वेगळे सांगते. ही परीक्षा गेली काही वर्षे मेच्या सुरुवातीला, दुपारी दोनच्या सुमारास असते, म्हणजे ऐन नागपुरी उन्हात. कूलरसमोर रात्रभर जागून दुपारी झोपण्याची सवय लागलेल्या मुलाचा मेंदू नेमका त्या वेळी पेंगतो. एप्रिलपासून सराव पेपर दुपारी दोनलाच सोडवावा, पाणी आणि ताक वेळच्या वेळी घ्यावे आणि रात्रीची झोप रात्रीच घ्यावी.

शिकवणीवर्गांबाबत केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग नकोत आणि आठवड्याची सुटी हवी, असे त्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सांगितले. प्रवेश घेताना पालकांनी या दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. शुल्काचे हप्ते आपण विचारतो, तसेच.

आता सर्वांत नाजूक भाग. चिडचिड, रडू, एखाद्या दिवशी पुस्तक फेकणे, हे या वयात होते आणि निवळतेही. परंतु उदासपणा दोन आठवडे टिकला, डबा रोज भरलेलाच परत येऊ लागला, मित्रांचे फोन घेणे थांबले, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे सुरू झाले किंवा ‘‘मी नसलो तर बरे’’ असे एकदाही कानावर आले, तर थांबू नका. मुलाला शांतपणे, सरळ शब्दांत विचारा, की जीव द्यावा असे मनात येते का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलता आल्याने मुलांचा भार हलका होतो. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे, शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो. तिथे मराठीतही बोलता येते.

निकालाची भीती कमी करण्याजोगी माहितीसुद्धा आपण मुलांपासून नकळत दडवून ठेवतो. दहावीत नापास झालेल्यांसाठी २०१५ पासून निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेतली जाते, म्हणजे वर्ष वाया जाईलच असे नाही. हे मुलाला निकालाच्या दिवशी सांगू नका; आज घरी गेल्यावर, जेवताना सांगा. आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की या आठवड्यात फळ्यावर लागणाऱ्या दहावीच्या वेळापत्रकात खेळाचा तास मार्चपर्यंत कायम राहील, असे त्याखाली सहीनिशी लिहून द्यावे.